होडीत ओतलेले पाणी

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक तरुण शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. माणसांची ने-आण करण्यासाठी खाडीवर स्वतःची होडी घालायची, हे त्याचे जुने स्वप्न होते आणि त्यासाठी त्याला तीन समविचारी सोबती मिळाले होते. होडी बांधून झाली, पण वर्षभरात आमचा एकदाही मतभेद झाला नाही, असे तो अभिमानाने सांगू लागला.

"एकदाही नाही?" गुरूंनी विचारले.

"नाही, गुरुजी. चौघांचे मन एकच."

गुरूंचा चेहरा उतरला. शिष्याच्या ते ध्यानात आले नाही. स्वतःच्या कौतुकात रमलेल्या माणसाला समोरचा चेहरा कुठे दिसतो?

शुभारंभाच्या दिवशी काठावर गाव लोटला. पहिल्या फेरीत शिष्याची धाकटी बहीण तान्ह्या मुलाला घेऊन पैलतीरी सासरी जाणार होती. वाळूवर उभ्या असलेल्या होडीला हार घातला गेला. गुरूंच्या हाती नारळ दिला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि घागरी मागवून होडीतच पाणी ओतायला सांगितले. लोक चक्रावले. म्हाताऱ्याला भ्रम झाला, असेही कोणी पुटपुटले. होडी निम्मी भरली आणि तळाजवळच्या एका सांध्यातून पाणी झिरपू लागले. बघता बघता धार लागली.

गुरूंनी तिघा सोबत्यांना एकेक करून विचारले. पहिला म्हणाला, फट महिन्यापूर्वीच दिसली होती, पण सगळे इतक्या उत्साहात होते की विरस करवेना. दुसऱ्यालाही दिसली होती. पहिला गप्प आहे, म्हणजे काळजीचे कारण नसेल, असे तो धरून चालला. तिसऱ्याला एकट्याने वाईट व्हायचे नव्हते.

"आणि तू?" गुरूंनी शिष्याला विचारले.

त्याने मान खाली घातली. "दिसली होती. वाटले, इतके छान जमले आहे, त्यात विष कशाला कालवा?"

गुरू संतापले होते, पण आवाज चढला नाही. "ज्यांच्यासमोर अप्रिय बोलण्याची वेळ येणार नाही, अशी माणसे तू शोधलीस. त्यांनीही तुला त्याचसाठी निवडले. आणि याला तुम्ही समविचार म्हणता! पलीकडे जाणारा जीव सुखरूप पोचलाच पाहिजे, हा एक विचार जरी चौघांत समान असता, तरी ज्या दिवशी फट दिसली त्याच दिवशी तुमचे कडाक्याचे भांडण झाले असते."

शिष्य घाईने म्हणाला, "दोन दिवसांत फट बुजवतो, गुरुजी."

"फट बुजेल," गुरू म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

बहीण मात्र दोन दिवस थांबायला तयार नव्हती. मुलाला छातीशी धरून तिने खाडीला वळसा घालणारी लांबची पायवाट धरली. भावाने मागून हाक मारली, तेव्हा ती क्षणभर थांबली.

"दादा, तुला दिसली होती ना रे?" तिने विचारले.

त्याने तिला पुन्हा हाक मारली नाही.