न आलेलं पाणी

एकदा एका खाडीकाठची पाच गावं मिळून एक लांबलचक बांध राखीत असत. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. रीत अशी, की प्रत्येक गावाने पिकाच्या मानाने सामाईक कोठारात भात घालायचं आणि बांध जिथे खचेल तिथे राबणाऱ्या पाचही गावांच्या मजुरांना त्यातून मजुरी द्यायची.

सर्वांत आतल्या गावात पीक उदंड, पण त्याच्या वाट्याचा बांध टीचभर. तिथल्या व्यापाऱ्याने सभेत ओरड केली, "आपले शंभर मण दरसाल लोकांच्या घशात जातात!"

तेव्हा भार्गव उठला. गावातल्या वृद्ध तात्यांपाशी तो दहा वर्षं शिकला होता. "शेठ, शंभर कसे? चाळीस मण मजुरी होऊन आपल्याच घरांत परत येतात. निव्वळ जातात ते साठ." लोकांनी वाहवा केली, आणि त्या साठ मणांपायी गावाने कोठारातून अंग काढून घेतलं. हिशेब चोख होता हो, तीच तर पंचाईत!

तात्या सभेत गप्प होते. घरी येऊन त्यांनी भार्गवला विहिरीचं तांब्याभर पाणी काढायला लावलं, सावकाश प्यायले आणि विचारलं, "हे साठात धरलंस का रे?"

म्हातारपण, दुसरं काय, असं भार्गवला वाटलं. "तात्या, विहीर आपली. ती कोठारातून थोडीच आली?"

पुढच्या वर्षी कोठारात भात कमी पडलं. खालच्या गावाचा बांध अर्धवट राहिला आणि उधाणाच्या भरतीला फुटला. खारं पाणी शेतामागून शेत गिळत आतल्या गावापर्यंत पोचलं. भात करपलं, विहीर खारट झाली. भार्गवची ओली बाळंतीण बायको तीन कोसांवरून गोडं पाणी आणू लागली. शेवटी तो तात्यांकडे गेला.

"तात्या, माझं कुठं चुकलं?"

"वजाबाकी बरोबरच होती, बाळा. दिलं किती, आलं किती, हे मोजायलाच हवं. पण दर भरतीला जे पाणी आलं नाही, ते तू कुठं लिहिलंस? त्याला वहीत जागा नसते, म्हणून ते फुकट मिळालंसं वाटतं."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

तात्यांचे डोळे भरले. "चार लोकांत तुझी मान खाली गेलेली मला बघवली नसती. तेवढ्यासाठी गाव बुडू दिलं मी."

भार्गव टोपली उचलून खालच्या गावाच्या खिंडाराकडे माती टाकायला गेला. मजुरी त्याने विचारली नाही, आणि द्यायला कोठारात काही उरलंही नव्हतं.