हाकेचा थर

एकदा एक तरुणी एका वृद्ध भूमापकापाशी जमीन पारखण्याची विद्या शिकत होती. मुलगी हुशार, पण मनाने भित्री. मागे कुणी नुसते खाकरले तरी दचकायची. दोघांवर एक काम आले. डोंगराला भेग पडली होती आणि पायथ्याची चाळीस घरांची वाडी पावसाळ्यापूर्वी हलवायची होती. कुठे, ते या दोघांनी सांगायचे.

मुलगी आठ दिवस संगणकापुढून उठली नाही. उतार, माती, पाणी, रस्ता, दरडीचे भय, प्रत्येकाचा निराळा नकाशा करून तिने त्यांचे थर एकावर एक ठेवले, प्रत्येक थराला गुण दिले. सगळे गुण जुळले तिथे हिरवा रंग उमटला. असे हिरवे तुकडे तीन निघाले. एकात चौदा घरे, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात बारा. बेरीज जमली, तरी नकाशा घेऊन ती भूमापकाकडे गेली.

"सर, एकदा बघता का? काही राहिलं असेल तर?"

सरांनी नकाशा निरखून पाहिला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. "उद्या डबा आण. भाजीत मीठ घालू नकोस."

ती बुचकळ्यात पडली. पण विचारायचे धैर्य झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वाडीतल्या ठकुबाई नावाच्या म्हातारीलाही बोलावले. तिच्या हाती मिठाची पुडी देऊन तिला दुसऱ्या हिरव्या तुकड्यावर बसवले, मुलीला पहिल्यावर. "भूक लागली की हाक मारून मीठ माग," एवढेच सांगून ते मधल्या टेकाडावर जाऊन बसले.

मुलीने संकोचत हाक मारली. "आजी..." मग जरा मोठ्याने. मग घसा बसेपर्यंत. पलीकडून काही नाही. अखेर ती टेकाड चढून आली, तर दुसऱ्या अंगाने ठकुबाईही धापा टाकत येत होती.

"बाय गं, उपाशीच का अजून? मी बोंबलून दमले," ठकुबाई म्हणाली. "आन् हे दादा बघ, गार सावलीला बसलेत."

"मला दोघींचंही ऐकू येत होतं," सर हसून म्हणाले. मग मुलीला जवळ बसवून सांगू लागले, "तुझा नकाशा खोटा नाही, बाळ. तू विचारलंस तेवढं त्यानं चोख सांगितलं. पण डोंगर तडकला तेव्हा पहिली हाक या ठकुबाईनं दिली. ती शेजारणीनं उचलली, पुढच्या घरानं पुढे नेली, आणि चाळीसही घरं रिकामी झाली. तू तीन सुरक्षित जागा शोधल्यास खऱ्या. त्यांत ही हाक मात्र तुटली."

मुलीचे डोळे भरले. "म्हणजे सगळं वाया?"

"वाया कशाला? अजून एक थर घाल."

ठकुबाईचा आवाज कुठवर पोचतो, ते तिघांनी चालून मोजले. तो थर घालताच एक पिवळा पट्टा वर आला. दरडीपासून निर्धोक, पण रस्ता लांब आणि पाणी नळाने आणावे लागणार, म्हणून आधी मागे पडलेला. चाळीसही घरे त्यात मावत होती.

खात्री करायला मुलगी या वेळी मिठाची पुडी घेऊन पट्ट्याच्या एका टोकाला गेली, ठकुबाई दुसऱ्या. वही उघडते न उघडते तोच दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "पोरी, मीठ हाय का गं?"

ती अशी दचकली की पेन्सिल हातातून पडली. पेन्सिल तशीच राहू देऊन तिने ओंजळ तोंडाशी धरली.

"आहे आजी. या जेवायला."