हाकांची पंगत

आमच्या खैरटोल्याच्या तलावावर वैशाखात आम्हा ढीवरांची, म्हणजे मासेमारांची, पंगत बसते ती अशी, उघड्यावर. मांडव नाही, ताडपत्री नाही. पलीकडे शाळेचा वऱ्हांडा रिकामा पडलाय, तुम्हाला दिसतोच आहे. वावटळ येवो, गारा पडोत, एकदा पान वाढलं की छपराखाली कोणी जायचं नाही. बाहेरचे लोक आम्हाला हट्टी म्हणतात. हे हट्टाचं नाही. माझ्या आजाने सांगितलं ते सांगतो.

पूर्वी या पंगतीला मांडव असायचा म्हणे, पळसाच्या डहाळ्यांचा. पाणी उतरलं की सगळे मिळून जाळी टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी काठावरच्या सगळ्या घरांचं एकत्र जेवण. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी यायच्या. सायत्रा नावाची एक विधवा होती. तिची एकुलती लेक कौतिका पल्याडच्या मोहटोल्याला दिलेली. पहिलटकरीण, सातवा लागलेला. नवरा सोविंदा तिला डोंग्यात बसवून निघाला. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तलाव कितीही आटला तरी मधला डोह खोलच राहतो.

भात शिजला होता, पानं मांडून झाली होती. लांबून डोंगा दिसला. सायत्रेने हात हलवला, आणि तेवढ्यात उत्तरेकडून आभाळ भरून आलं. चुलीवरचं भांडं उतरवायलाही सवड मिळाली नाही, असं सांगतात. वारा सुटला, लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. भर दुपारी समोरचं माणूस दिसेना. सगळे मांडवाकडे पळाले. सायत्रा पाण्याच्या कडेला उभी राहून लेकीला हाका मारू लागली.

समाजाचा म्होरक्या उरकुडा तिला ओढायला आला. "सायत्रे, अंदर चाल. गारा डोस्कं फोडतील."

"डोंगा काढ, भाऊ."

त्याने काढला. दोन गडी बसले. वाऱ्याने डोंगा उचलून काठावरच आपटला, तो फुटला. दुसरा काढला, तो उलटला. गडी कसेबसे परत आले. तिसरा डोंगा नव्हता.

"आता चाल, बाई," उरकुडा म्हणाला.

"पोरीले काठ दिसत नसंल. माहा आवाज तरी ऐकू जाईल."

तो तिच्या शेजारी उभा राहिला. मग मांडवातून एकेक जण बाहेर आला. म्हातारे आले, डोक्यावर सूप धरून लेकुरवाळ्या आल्या. पोहणारी माणसं होती सगळी, पण त्या पाण्यात उतरायची कोणाची छाती झाली नाही. सायत्रेचा घसा बसला तेव्हा ते सगळेच ओरडू लागले, "कौतिकेऽ, कौतिकेऽ." दुसरं त्यांच्या हातात काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने चिखलातून रांगत सोविंदा वर आला. एकटाच.

"डोंगा उलटला," तो म्हणाला. "कुठं जावं समजत नव्हतं. तिनंच सांगितलं, आई हाक मारते, तिकडं चाल. मी पुढं होतो. ती माह्या मागंच होती."

वारा पडला, ऊन आलं. तलाव काचेसारखा दिसायला लागला आणि त्यावर काहीच नव्हतं. सायत्रा तरीही हाका मारत राहिली. तिला थांब म्हणायला कोणी धजावलं नाही. शेवटी ती आपणच थांबली. गारांचं पाणी शिरलेल्या भांड्यातून तिने हाताने भात काढला, पानावर वाढला आणि जावयापुढे ठेवला.

"जेव," ती म्हणाली.

मग सगळे जिथं उभे होते तिथंच जेवायला बसले. पुढच्या वर्षी मांडव घालायचा विषय कोणी काढला नाही, त्यानंतरही नाही.

आजही पान वाढलं की प्रत्येक घरची आई पाण्याकडे तोंड करते आणि लेकीला हाक मारते. लेक शेजारी बसलेली असली तरी मारते. आमच्या घरची हाक मी मारतो, बायको राहिली नाही म्हणून. लेकीचं नाव देवका. बाळंतपणात गेली, अकरा वर्षं झाली. हाक मारून झाली की थोडा वेळ थांबायचं असतं. तेवढं थांबतो, मग खाली बसतो.