उजनीवरची झडप

“…पण बाई, डोळ्याचं पातं लवेपर्यंत वीस-तीस फोटो काढतो हा कॅमेरा. पक्ष्याचा डोळासुद्धा आपला आपण शोधतो. मग मी शिकायचं ते काय उरलं?”

उजनीच्या जलाशयात, होडीत बसून निशिकांत विचारत होता. मोठ्या स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून त्याचा आवाज जरा चढाच होता. पण बहिरी ससाण्याची झडप काही त्याला टिपता आली नव्हती. दोन हिवाळे हुकले होते. म्हणून तर तो वत्सलाबाई ओगल्यांकडे आला होता. बाईंनी उभं आयुष्य पक्ष्यांमागे घालवलेलं.

“आधी पक्ष्याबरोबर चल,” बाई म्हणाल्या. “फोकस त्याच्यावर धरून ठेव. बटण मग.”

“आणि तोवर क्षण निघून गेला तर?”

बाईंनी आपला कॅमेरा डोळ्याला लावला.

एवढ्यात छोट्या बदकांचा सगळा थवा पाण्यावरून एकदम उठला. निशिकांतनं बटण दाबलं ते सोडलंच नाही. कॅमेरा तडतडत राहिला…

…आणि अडकला. एवढे फोटो साठवायला त्याला उसंत हवी होती.

नेमका तेव्हाच ससाणा सुटला.

पंख मिटलेले. आभाळातून धोंडा निखळावा तसा. वारा टरकन फाटल्यासारखा आवाज झाला. थव्याच्या कडेचं एक बदक हवेतच उलटं झालं, आणि त्याला नख्यांत धरून ससाणा वर, उन्हात…

पिसं तरंगत पाण्यावर उतरली.

निशिकांतचा कॅमेरा कधीच मांडीवर आला होता. अंगावरचा काटा जात नव्हता.

“मी… नुसता बघतच राहिलो.”

बाईंनी आपला कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्यांनी बटण जेमतेम दाबून सोडलं होतं. मोजकेच फोटो. एकात नख्या नुकत्या टेकलेल्या, ससाण्याचा डोळा लख्ख, पिसन् पीस वेगळं.

असा फोटो त्यानं आजवर पाहिला नव्हता.

तो कितीतरी वेळ फोटो न्याहाळत राहिला. मग रिकाम्या आभाळाकडे बघत राहिला.

“बाई, रागावू नका…” तो हळूच म्हणाला. “फोटोत कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण आत्ता जे झालं… ते यात नाही.”

बाईंनी कॅमेरा परत घेतला. काचेवर उडालेलं पाणी पदरानं टिपलं.

“म्हणून तर मी उद्या पुन्हा येणार आहे.”