आक्कांचं गाळणं

“पण इंजेक्शन कशाला, आक्का? मी काय आजारी आहे?”

बाबगोंडा मगदूम बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, विहिरीजवळ कट्ट्यावर बसले होते आणि कट्टा त्यांना जरा अपुरा पडत होता. वय बहात्तर. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीतल्या पैलवानांच्या पाठीला माती लावली होती. गेल्या आठवड्यात रक्ततपासणीच्या एका कागदानं त्यांच्या पाठीला लावली.

समोर चंपाक्का पाणी शेंदत होत्या. त्या ब्रह्मचारिणी, वयानं नव्वदीकडं झुकलेल्या. बस्तीच्या पाठशाळेत लहानग्या बाबगोंडांना णमोकार मंत्र त्यांनीच शिकवला होता, आणि कानही त्यांनीच पिळला होता. दोन्ही त्यांच्या अजून लक्षात होतं.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“किडन्या निम्म्याच चालतात म्हणे. रक्तात घाण साचते आणि रोगाशी झुंजणारी आतली फौज त्या घाणीत पेंगते. म्हणून हिवाळ्यात दोनदा निमोनिया झाला. तिसरा नको असेल तर लस टोचून घ्या म्हणतो... मला!”

“मग तू काय करतोस?”

“मी काय गप्प बसतोय? बदामाचं दूध वाढवलंय. नातीचा प्रोटीनचा डबा अर्धा मीच संपवतो. गुडघ्याच्या गोळ्या आहेतच. शिवाय बाजारातला वैदू किडनी धुणारा काढा देतो. जहर कडू आहे, म्हणजे गुणकारी असणार.”

आक्का हसल्या नाहीत. त्या पाठशाळेतही हसत नसत.

“चैतातल्या जत्रेत नातीची पहिली कुस्ती आहे, आक्का.” बाबगोंडांचा आवाज उतरला. “मीच शिकवलंय तिला. त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभा पाहिजे... दवाखान्यात आडवा नको.”

आक्कांनी भरलेली बादली त्यांच्यापुढं सरकवली.

“हे गाळ.”

कळशीच्या तोंडावर गाळणं घातलेलं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. न गाळलेलं पाणी जैनाच्या पोटात जात नाही, त्यामुळं हे काम तिथल्या शेंबड्या पोरालाही येतं.

बाबगोंडांनी बादली एका हातानं उचलली. दंड दाखवायची संधी ते सहसा सोडत नसत. भडाभडा ओतली.

फडकं मधोमध खचलं, काठावरून सुटलं आणि कळशीत बुडालं. पाणी जसं होतं तसं आत.

“फडकंच जुनं आहे,” बाबगोंडा म्हणाले. “टाकून द्या. नवं आणा.”

“माझं आणीन. तुझं कुठल्या दुकानात मिळतंय?”

बाबगोंडांचा हात कमरेमागं, किडनीवर गेला.

आक्कांनी फडकं काढून पिळलं, दुहेरी केलं, दुसऱ्या कळशीवर ताणून बांधलं.

“तेच पाणी घे. बारीक धार धर.”

बाबगोंडा धार धरून उभे राहिले. दंडाला हे काम फार हलकं होतं आणि स्वभावाला फार जड. एक कावळा कठड्यावर येऊन बसला, कंटाळला, निघून गेला. खाली कळशीत नितळ पाणी चढत होतं.

“गाळतंय की!” ते म्हणाले. जणू फडकं त्यांनीच विणलं होतं.

“डॉक्टरनं काय बंद करायला सांगितलंय?”

“गोळ्या. काढा. डबा. दूध तेवढं बेतानं.” मग जरा थांबून, “...म्हणजे सगळंच.”

“आणि सुई?”

“सुई घेतली म्हणजे फौज दुबळी आहे हे गावात कबूल केल्यासारखं होईल.”

आक्का कळशीत डोकावत म्हणाल्या, “गेल्या जत्रेत तुझा चेला लढला, सिदगोंडा. त्याच्याआधी तू माणूस कुठं धाडला होतास?”

“समोरच्याच्या तालमीत. तो कुठला डाव टाकतो ते बघायला.”

“का? सिदगोंडा दुबळा होता?”

“दुबळा? अहो, वाघ होता! पण वय झालेलं, दम कमी पडायचा. आधीच डाव ठाऊक असला की मग म्हातारा गडीसुद्धा...”

बाबगोंडा थांबले. धारही थांबली.

आक्कांनी खांद्यावरचा पदर किंचित सरकवला. सुरकुतल्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

“काल घेतली. माझ्या किडन्या तुझ्याहून मंद आहेत, बाबू.”

“...लागू पडेल ह्या वयात?”

“म्हाताऱ्या अंगात जरा कमीच मुरतं म्हणाला. मुरतं मात्र.”

बाबगोंडांनी उरलेलं पाणी गाळलं. या खेपेला कुणी न सांगता बारीक धारेनं. आक्कांनी फडकं सोडलं, गाळलेल्याच पाण्यानं उलटं विसळलं आणि त्यात अडकलेले जीव पोहऱ्यातून हलकेच विहिरीत परत सोडले. मग ते विरलेलं फडकं दोरीवर उन्हात पसरलं. त्यातून पलीकडची चिंच दिसत होती.

बाबगोंडा सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर सारून निघाले. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो.

पायरीवर ते वळले.

“आक्का... हे फडकं अजून किती दिवस टिकेल?”

“ओतणाऱ्याला विचार.”