हौसाचा गोऱ्हा

माळाच्या टोकाला बैल शिकवणाऱ्यांचे एक गाव होते. तिथे शिकलेला बैल आसपासचे शेतकरी डोळे झाकून घेत. त्या गावात दोन रिवाज होते. घरातले मूल पंधरा वर्षांचे झाले की एक गोऱ्हा, म्हणजे अजून मानेवर जू न घेतलेला तरणा बैल, त्याच्या हाती शिकवायला द्यायचा. मग ते मूल मुलगा असो की मुलगी. आणि ज्याच्या हातात कासरा, त्याने तोंडातून शिवी काढायची नाही. गोऱ्ह्याला शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो. शिव्या खाऊन शिकलेला गोऱ्हा एकतर मारका होतो, नाहीतर भित्रा. गावातली माणसे आपसात कशीही बोलत. गोऱ्ह्यापुढे मात्र सगळी साधुसंत.

या गावात हौसा नावाची मुलगी राहत होती. नुकतीच पंधरा वर्षांची झालेली. वर्षभरात एकाएकी उंच वाढली होती आणि हातापायांचे काय करावे ते तिला कळत नव्हते. शेजारी चुलतबहीण सुगंधा. ती गाणे म्हणे, रांगोळी काढे, आणि तिच्या हातून कधी भांडे पडत नसे. हौसाच्या हातून रोज पडे. त्यामुळे हौसाने एक युक्ती काढली होती. लोकांनी नावे ठेवण्याआधी आपणच ठेवून मोकळे व्हायचे. तांब्या पडला की ती लगेच म्हणे, "मी मेली वेंधळीच." भाकरी करपली की म्हणे, "मला कधी काही येणार आहे का?" असे म्हटले की कमी लागते, अशी तिची समजूत. तिच्या वयाच्या पुष्कळांची असते.

तिच्या वाट्याला पाखऱ्या नावाचा गोऱ्हा आला. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, कान सतत हलते. हौसाने त्याला जीव लावला. ती त्याला खरारा करी, गवतातले काटे वेचून मगच चारा टाकी. पहिले तीन दिवस तो सर्जा या जुन्या बैलाशेजारी जू घेऊन नीट चालला. चौथ्या दिवशी त्याच्या मानेखालची दोरी सुटली. हौसाने पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. आणि पाखऱ्याने जमिनीवर बसकण मारली. मग हे रोजचेच झाले. दोरी सुटली की पाखऱ्या बसलाच. मारले तरी उठेना, गोंजारले तरी उठेना.

गावाने निकाल दिला की गोऱ्हा उपजतच भित्रा आहे. हौसाचे वडील, आबा, सरळ माणूस होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळे नवे गोऱ्हे छकड्याला जुंपून ओढ्यापलीकडे न्यायचे असत. आबांनी सांगून टाकले की पाखऱ्या ओढ्यात बसला, तर पुढच्या बाजारी त्याला विकायचा. बसका बैल बाजारात कोण घेतो आणि कशासाठी, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. हौसाला जेवण जाईना.

गावात भिवातात्या नावाचे म्हातारे होते. त्यांनी उभ्या आयुष्यात बैलच शिकवले. ते दोन दिवस माळावरच्या एका दगडावर बसून हौसाचे काम बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली आणि रिवाज मोडल्याबद्दल चांगलेच धारेवर धरले. हौसा रडकुंडीला आली. आपण पाखऱ्याला एक वाकडा शब्द बोललो नाही, असे ती शपथेवर सांगू लागली. दोरी सुटली की आपण बोलतो ते स्वतःलाच, वेंधळी, बिनकामाची असे.

"त्येला काय ठावं?" तात्या म्हणाले. "कासरा तुझ्या हातात, तोंड तुझं, आन् म्होरं उभा त्यो. तू ज्या सुरात सोताला बोलतीस ना पोरी, त्या सुरात या गावात कुणी जनावराला बी बोलत न्हाई."

पंधरा वर्षांत हे कुणी हौसाला सांगितले नव्हते. तिला वाईट वाटले, आणि का कोण जाणे, थोडे बरेही वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने तोंड घट्ट मिटून काम केले. तरी पाखऱ्या बसला, कारण शिव्या मनात चालूच होत्या आणि कासऱ्याला हिसके बसत होते. तात्यांनी विचारले, पाखऱ्याचा पाय घसरला तर तू त्याला काय म्हणतेस? त्याला ती म्हणे, हळू, काही झाले नाही, पुन्हा एकदा. तात्यांनी सांगितले की तेच आता स्वतःला म्हणायचे, आणि त्याला ऐकू जाईल असे म्हणायचे.

हौसाला याची भयंकर लाज वाटली. पहिले काही दिवस ती हे शब्द चोरून आणलेल्या वस्तूसारखे हळूच काढी, आणि तिचा स्वतःचाच त्यांवर विश्वास बसत नसे. शिवाय नुसत्या गोड बोलण्याने दोरीची गाठ बसते थोडीच! ती सुटत होती कारण हौसाला ती नीट बांधता येत नव्हती, आणि आजवर रागाच्या भरात हे तिच्या लक्षातच आले नव्हते. मग ती तात्यांकडून गाठ शिकली. रोज परसातल्या खांबाला वीस वेळा बांधायची, असे तिने ठरवले. कुणी बघत नव्हते, कुणी विचारणार नव्हते, तरी तिने एक दिवस चुकवला नाही. पंधरवड्यात गाठ टिकू लागली. पाखऱ्याचे बसणे कमी झाले, पण पुरते थांबले नाही.

संक्रांतीचा आदला दिवस उजाडला. सगळा गाव ओढ्याकाठी जमला. तीन गोऱ्हे पार झाले. मग हौसा पाखऱ्याला आणि सर्जाला घेऊन निघाली. ती कासरा धरून बैलांच्या बाजूने चालत होती. पाणी गुडघाभर होते. ओढ्याच्या मधोमध छकड्याचे चाक दगडाला अडले. ते बघायला वळताना शेवाळावरून हौसाचा पाय सटकला आणि ती सगळ्या गावादेखत पाण्यात पडली. काठावर हशा पिकला. त्यात सुगंधाचे हसणे हौसाला वेगळे ओळखू आले.

जुने शब्द अगदी जिभेवर आले. समोर पाखऱ्या थबकला होता. त्याचे दोन्ही कान तिच्याकडे वळले होते आणि पुढचे गुडघे वाकू लागले होते. हौसाने एक श्वास घेतला.

"हळू," ती म्हणाली. "काही झालं नाही. ऊठ. पुन्हा एकदा."

ती उठली. ओढणी पिळून कमरेला खोचली, चाकाखालचा दगड बाजूला सारला आणि कासरा उचलला. पाखऱ्याचे गुडघे सरळ झाले. त्याने पाऊल टाकले, मग दुसरे, आणि छकडा खडखडत पलीकडच्या काठावर चढला. मागे कोण हसतेय, कोण टाळ्या वाजवतेय, हे बघायचे तिच्या ध्यानातच राहिले नाही.

आबा पाण्यातून धावत आले. त्यांनी पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "जितराब शानं निघालं, हौसे. तू ऊठ म्हणालीस आन् उठलं."

"तो बसलाच नव्हता, आबा," हौसा म्हणाली. "ऊठ मी मलाच म्हणाले."

तात्पर्य: चुकल्यावर स्वतःला टाकून बोलल्याने कुणी शहाणा होत नाही. जिवाभावाच्या सोबत्याला देतो तोच धीर स्वतःला द्यावा आणि राहिलेली गाठ शिकून घ्यावी. स्वतःविषयीचा आदर असाच रोज थोडा थोडा कमवावा लागतो.