दारातला शेवगा

"हा तोडला तर चालेल ना, माय?"

नीलकंठ कुऱ्हाड घेऊन मठाच्या अंगणात उभा. समोर शेवगा. मठ सांभाळणारी राणूमाय ओसरीवर सुपात पाला निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"का रे? त्यानं तुझं काय केलं?"

"दारात शेवगा असू नये म्हणतात. घरात भांडणं लागतात."

"इथं तू आणि मी. चल, भांडूया."

"थट्टा नको, माय. उद्या मी गावी निघालो. तुम्ही मला डोळे दिलेत. जाताना काही सेवा घडू द्या. इथं चाफा लावून देतो."

माय पाला निवडत राहिली.

हा नीलकंठ पोथी सांगणारा. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, आणि तोरा उपासांचा. आज सोमवार, उद्या चतुर्थी. मधल्या वेळी चहा. पोट जाळून पुण्य मिळवणाऱ्यांचा मला भारी राग. पण ते असो. पुढं दिवस मावळला की त्याला दिव्यापाशीही अक्षरं दिसेनात. उंबऱ्याला ठेचकाळायचा. गावानं संध्याकाळची पोथी दुसऱ्याला दिली. तेव्हा तो मायकडं मंत्र मागायला आला.

माय म्हणाली, "आधी जेव."

रोज तेच. शेवग्याच्या पाल्याची पातळ भाजी, पाला मळून केलेली बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, वर तेलाची धार.

"हे गुरांचं खाणं," तो कुरकुरला होता.

"मग? गुरं ठेचकाळतात का संध्याकाळी?"

त्या पाल्यात नजरेचं बळ असतं, रक्ताचं असतं, हाडांचं असतं. आमच्या आयाबायांना हे कुणी शिकवलं नाही. पोरं वाढवता वाढवता कळलं. नीलकंठाला मात्र वाटायचं, माय ताटावरून हात फिरवते तोच मंत्र. ती माशा हाकलायची.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी त्यानं दिव्यापाशी बसून अख्खा अध्याय वाचला. ढसाढसा रडला. मायचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले. त्याला तो विनय वाटला.

"तोडू ना मग?" अंगणातून नीलकंठानं पुन्हा विचारलं.

"दिवेलागण होऊ दे."

दिवेलागण झाली. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. आतूनच म्हणाली, "घाव घालण्याआधी झाड नीट बघून घे. काय दिसतं?"

"शेंड्याला पांढरी फुलं. खोडावर मुंगळे."

"आणखी?"

"खालच्या फांद्या बोडक्या आहेत. हात पोचेल तिथवर पान नाही… माय, एवढा पाला खाल्ला कुणी?"

माय ताट घेऊन बाहेर आली. भाकरीत हिरवे ठिपके. ताट तिनं ओसरीवर ठेवलं.

"अंधार पडलाय, नीलकंठा. तुला दिसतं एवढं?"

कुऱ्हाड त्यानं खाली ठेवली. तो शेवग्यापुढं हात जोडून उभा राहिला. ओठ हलत होते, पण इतक्या पोथ्या पाठ असलेल्या त्या माणसाला शब्द सापडेना.

मायनं ताटावरून हात फिरवला.

"जोडलेले हात सोड आता. जेवशील कशानं?"